वाफे, वाट आणि हिरवळीभोवती विटांची कड: गोव्याच्या पावसात टिकेल अशी कशी बसवावी

मे महिन्यात दोरीला लावून बसवलेली विटांची कड चवथ (गणेशचतुर्थी) येईपर्यंत वाकडी झालेली असते. चार विटा वाफ्यात कलंडतात, दोन खचतात, मधल्या फटीतून तांबडी माती वाटेवर वाहून येते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत ज्यांनी ज्यांनी घरच्या घरी हे काम केलं, त्यांची तक्रार साधारण एकच असते. दोष मात्र विटेला नाहीतर गवंड्याला दिला जातो. खरी कारणं बहुतेक वेळा दोन असतात: खालची जमीन नीट धुमसलेली (ठोकून घट्ट केलेली) नसते आणि पाण्याला जायला वाट ठेवलेली नसते.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणजे अंगणाच्या एका चौरस मीटरवर एका मोसमात सुमारे ३००० लिटर पाणी. तुम्ही बसवलेली विटांची ओळ या पाण्याच्या दृष्टीने एक छोटा बांधच असतो. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. वीट हातात घेण्याआधी अर्ध्याहून जास्त काम झालेलं असलं पाहिजे.

काम कधी काढायचं तेही आधीच सांगतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. जमिनीत ओल असते, कुदळ लागते आणि पुढच्या पावसाआधी सगळं बसायला काही महिने मिळतात. एप्रिल-मेमध्ये जांभ्याची माती दगडासारखी आवळते. तेव्हा लोक कंटाळून चर उथळ ठेवतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात घाईने बसवलेली कड पहिल्याच पावसात बसते, आणि बसते ती वाकडीच.

१. आधी पाण्याची वाट ठरवा

एका कागदावर घर, विहीर, झाडं, वाट, गेट आणि गटार काढा. मग बाण काढा: छपरावरचं पाणी कुठे पडतं, उताराने कुठे जातं, कुठे तुंबतं. मागच्या पावसाळ्यात शेवाळ कुठे साचलं होतं ते आठवलं तरी अर्धं उत्तर मिळतं. उतार डोळ्यांनी ठरवू नका. पारदर्शक लेव्हल पाईप घ्या, पाणी भरा, आत हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते पाहा आणि दोन्ही तोंडं उघडी ठेवून दोन टोकांची पातळी खुंटीवर खूण करा. तोंडावर अंगठा ठेवून मोजलं की माप चुकतं. ही चूक रोजचं काम करणाऱ्यांकडूनही होते.

आता तीन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, पागोळ्या. कौलारू घराच्या पागोळ्या जिथे पडतात, त्या रेषेवर कड कधीच बसवू नका. वरून पडणारं पाणी विटेच्या दोन्ही बाजूंची माती उकरून काढतं. कड त्या रेषेच्या किमान एक फूट बाहेर घ्या आणि भिंत ते कड या पट्ट्यात खडी पसरा. यामुळे भिंतीवर तांबडे शिंतोडे उडणंही बरंच कमी होतं.

दुसरी, वाफ्याची खालची बाजू. उताराच्या खालच्या अंगाला पाणी अडून राहणार. तिथे कडेत फटी ठेवायच्या आहेत. त्यांच्या जागा आताच कागदावर मांडा.

तिसरी, बाहेर पडलेलं पाणी. ते शेजाऱ्याच्या भाटात (माडांच्या बागेत) किंवा वाटेच्या मधोमध सोडता येणार नाही. स्वतःच्या शोषखड्ड्याकडे, माडाच्या आळ्याकडे किंवा गटाराकडे त्याला वळवा. गटार बुजेल अशा ठिकाणी कड आणू नका.

तपासणी: कागदावरचा प्रत्येक बाण कुठेतरी बाहेर पडला पाहिजे. एखादा बाण कडेला येऊन थांबत असेल तर आखणी बदला. खणल्यावर बदलणं महागात जातं.

२. जमीन कोणती ते ओळखा

गोव्यात दहा-पंधरा किलोमीटरवर जमीन बदलते, त्यामुळे एकाने सांगितलेली खोली दुसऱ्याच्या अंगणात चालत नाही.

सड्यावर आणि डोंगराच्या उतारावर जांभ्याची तांबडी माती असते. खाली कातळ लवकर लागतो. कातळ लागला तर तो फोडत बसू नका. सैल माती काढून टाका आणि कातळावरच तळ घ्या. फक्त कातळ उताराचा असेल तर वीट घसरणार, तेव्हा तिथे पाठीमागे सिमेंटचा आधार लागेल (आठवा टप्पा पाहा).

किनाऱ्याकडे, मांद्रे-मोरजीसारख्या भागात किंवा तिकडे दक्षिणेत कोलव्याकडे, माडांखालची जमीन रेताड असते. ती वरून घट्ट वाटते, पण पाणी शिरलं की विटेखालून वाहून जाते. इथे खडीचा थर टाकण्याआधी चराच्या तळाला खताचं विणलेलं रिकामं पोतं उसवून पसरा. आतलं प्लास्टिकचं अस्तर असेल तर काढून टाका, नाहीतर पाणी झिरपणार नाही. पोत्यामुळे खडी रेतीत रुतत नाही.

खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेताच्या), मेरेच्या (बांधाच्या) जवळची किंवा भातशेतीवर भर घालून केलेली जमीन ही सर्वांत अवघड. चिकणमाती पावसात फुगते, उन्हात आकसते. अशा ठिकाणी तळाची खडी नेहमीपेक्षा दीडपट घ्या आणि विटा सिमेंटने एकमेकींना जोडू नका. सांधलेली ओळ तडकते. सुटी ओळ थोडी हलते, पण सरळ करता येते. नवी भर घातलेली जमीन असेल तर एक पावसाळा जाऊ द्या. इतका धीर नसेल तर तात्पुरती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) तुकड्यांची ओळ लावा, पण विटांवर पैसे घालू नका.

३. कडेचा प्रकार निवडा आणि विटा मोजा

इथला हिशेब ९ × ४.५ × ३ इंचांच्या विटेचा आहे. तुमच्याकडे १९० × ९० × ९० मिलिमीटरची वीट आली असेल तर आकडे थोडे बदलतील. गाडीतून उतरवताना मोजपट्टी लावा.

आडवी सपाट पट्टी: वीट वाटेला आडवी, सपाट झोपवलेली. हिरवळीला हीच योग्य, कारण गवत कापायच्या यंत्राचं चाक तिच्यावरून फिरतं आणि कडेचं गवत वेगळं कापावं लागत नाही. मीटरला साधारण ९ विटा.

लांबीने टोकाला टोक: सर्वांत स्वस्त, मीटरला साडेचार. पण ही ओळ सर्वांत लवकर सरकते. फक्त सपाट जागी, छोट्या वाफ्याला वापरा.

उभी वीट, रुंद बाजू समोर: मीटरला ९. जमिनीच्या वर ३ इंच, आत ६ इंच. वाफा वाटेपेक्षा उंच असेल तर हाच प्रकार घ्या.

दातेरी, म्हणजे ४५ अंशांत तिरकी: मीटरला ९ ते १०. दिसायला जुन्या बागेची शोभा येते, हे मान्य. तरीही उताराच्या अंगणात ती करू नका असं मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक वीट एका कोपऱ्यावर उभी असते. त्या कोपऱ्याखाली धुमसता येत नाही आणि पाणी नेमकं तिथेच पोखरतं.

एकूण संख्येवर दहा टक्के जास्त धरा. त्यातल्या काही फुटतील, काही कापाव्या लागतील आणि बाकीच्या पुढे दुरुस्तीला लागतील. त्याच खेपेतली वीट नंतर मिळत नाही. रंग जुळत नाही.

४. वीट पारखून घ्या

इमारतीच्या भिंतीत चालणारी प्रत्येक वीट जमिनीत चालत नाही. भिंतीवर गिलावा असतो. इथे वीट चार महिने ओल्या मातीत उभी राहणार.

दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे; बद्द आवाज आला तर भाजणी कच्ची. नखाने ओरखडा उठत असेल तर परत करा. कमरेच्या उंचीवरून मातीवर टाकली तर मोडता कामा नये. शेवटी एक कोरडी वीट वजन करून २४ तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेत वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी शोषलं जाऊ नये. जमिनीतल्या कडेसाठी मी १५ टक्क्यांच्या आतलीच वीट घेईन. त्याहून जास्त पाणी पिणारी वीट दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडू लागते.

पिवळट, फिकट विटा बाजूला काढा. जास्त भाजून वेडीवाकडी झालेली खंगर वीट ओळीत बसत नाही, पण फोडून तळात घालायला ती फार चांगली.

आणि चिरा? आपल्याकडे विटा बाहेरून येतात, चिरा मात्र इथलाच आहे. तेव्हा हा प्रश्न रास्त आहे. घराच्या बांधकामातून उरलेले चिरे असतील तर ते उभे कापून चार-पाच इंच जाडीचे तुकडे करा आणि याच पद्धतीने बसवा. चर रुंद घ्यावा लागेल, बाकी क्रम तोच. खाणीतून ताजा आलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कडक होतो; म्हणून कापायचं काम ताज्यावर करा आणि बसवण्याआधी काही आठवडे उघड्यावर ठेवा. पिवळ्या-पांढऱ्या मातकट डागांचा चिरा घेऊ नका. ते डाग पावसात विरघळून भोकं पडतात. सपाट पट्टीसाठी मात्र वीटच बरी. चिऱ्याच्या खडबडीत पाठीवर शेवाळ धरतं आणि पाय घसरतो.

सावध: विटांचा किंवा चिऱ्यांचा जुना ढीग हाताने उपसू नका. घोणस, मण्यार, विंचू यांना अशी थंड, अंधारी जागा आवडते. जाड हातमोजे आणि बूट घाला, वरची वीट पहारीने स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकला, मग उचला. अंधार पडल्यावर ढिगाला हात लावू नका.

रेती कोणती? खाणीवरची क्रशर रेती सर्वांत सोयीची. तिचे कण टोकदार असतात, त्यामुळे ती एकमेकांत अडकून बसते. समुद्रकिनाऱ्यावरची रेती आणू नका. ती काढायला कायद्याने बंदी आहे, शिवाय तिच्यातलं मीठ विटेत चढून पांढरा लोणा फुटतो आणि वीट भुगा होत जाते.

५. आखणी

सरळ ओळीला दोन टोकांना खुंट्या ठोका आणि नायलॉनची दोरी ताणा. मध्ये दर दोन-अडीच मीटरवर एक खुंटी हवी. लांब दोरी मधोमध लोंबते आणि तेवढाच झोल तुमच्या ओळीत उतरतो. वळणाला पाण्याचा रबरी पाईप जमिनीवर टाकून आकार ठरवा आणि त्याच्या कडेने चुना किंवा रांगोळी सोडा. पाईप उन्हात तासभर ठेवला तर मऊ पडून छान वळतो.

आकार ठरला की लगेच खणू नका. ओळीवर दोनेक मीटर विटा नुसत्या मांडून पाहा. वाटेवरून, पायरीवरून, खिडकीतून बघा. वाटेची रुंदी विटेच्या मापात बसवता आली तर कापाकापी वाचते. वाटेवरून दोन माणसं शेजारी शेजारी चालणार असतील तर आतली रुंदी चार फूट तरी हवी. कडा बसल्यावर ती कमी झालेली लक्षात येते.

झाडांजवळ थांबून विचार करा. माडाच्या बुंध्याला लागून विटांचं गोल कडं करण्याची फार सवय आहे आणि ते माडाचं नुकसान करतं. माडाची अन्न घेणारी मुळं बुंध्यापासून साधारण दोन मीटरच्या परिघात असतात. खत, पाणी तिथेच द्यायचं असतं. म्हणून कडं करायचंच असेल तर बुंध्यापासून सहा फुटांवर करा. बुंध्यात खुंटीला दोरी बांधून फिरवली की वर्तुळ मिळतं. आंबा-फणसाच्या बाबतीत अंगठ्यापेक्षा जाड मूळ कापू नका. तिथे कड तोडा, मूळ मोकळं सोडा, पलीकडून पुन्हा सुरू करा. आंब्याच्या बुंध्याभोवती माती चढवून वाफा उंच करणं हेही टाळा, साल कुजते.

सावध: खणण्याआधी पाण्याची नळी, सेप्टिक टाकीची पाइपलाइन, विजेची जमिनीखालची केबल आणि अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते घर बांधणाऱ्याकडून किंवा इलेक्ट्रिशियनकडून माहीत करून घ्या. केबलच्या मार्गावर टिकाव मारू नका. खोऱ्याने हळूहळू माती काढा.

६. चर खणणं

आदल्या संध्याकाळी आखणीवर पाणी मारून ठेवा. सकाळी माती सुटी होते.

खोलीचा हिशेब असा करा: विटेचा जमिनीतला भाग + रेती १ इंच + खडीचा तळ. सपाट पट्टीला: वीट ३ इंच (त्यातली अर्धा इंच वर राहील) + १ + ४, म्हणजे साडेसात इंच. उभ्या विटेला: ६ + १ + ३, म्हणजे दहा इंच. चिकण जमिनीत खडी ५ ते ६ इंच धरा आणि चर तेवढा वाढवा. रुंदी विटेपेक्षा ३ ते ४ इंच जास्त हवी; धुमसायला आणि पाठ भरायला ती जागा लागतेच. अगदी विटेच्या मापाचा चर खणणं ही या कामातली सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. मग बाजूची माती नुसती बोटांनी कोंबली जाते आणि वीट तिथेच कलंडते.

हिरवळीच्या बाजूने गवताची चकती खोऱ्याने नीट कापून बाजूला सावलीत ओली ठेवा. शेवटी तीच परत बसवायची आहे. वरची काळी, सुपीक माती वाफ्यात टाका. खालची तांबडी, मुरमाड माती वेगळी ठेवा, पाठ भरायला तीच चांगली. हरळीची मुळं आणि लव्हाळ्याच्या गाठी दिसतील तेवढ्या वेचून काढा. त्या विटांच्या फटीत राहिल्या तर पुढच्या श्रावणात त्यांच्यामागे लागावं लागतं.

एखाद्या जागी जास्त खणलं गेलं तर सैल माती परत टाकून खोली जुळवू नका. ती जागा खडीने भरा.

७. तळ: इथे घाई नको

सगळ्या कामात वेळ द्यायचा तो इथे. कड टिकेल की नाही हे याच टप्प्यात ठरतं आणि नंतर वरून काही दिसत नाही, म्हणून नेमका इथेच हात आखडला जातो.

आधी चराचा उघडा तळ धुमसा. लाकडी किंवा लोखंडी धुम्मस वापरा. मोटारीने चालणारं यंत्र एवढ्या अरुंद चरात उतरत नाही. मातीची ओल बेताची हवी: मूठभर घेऊन आवळली तर गोळा व्हावा, बोटांतून पाणी येऊ नये, आणि गोळा खाली टाकला तर फुटावा. कोरडी तांबडी माती धुमसली तर नुसती धूळ उडते. चिखल धुमसला तर तो बाजूला पळतो.

मग २० मिलिमीटरची खडी तिच्या बारीक चुऱ्यासकट टाका. नुसती धुतलेली, एकसारखी खडी आवळत नाही. फोडलेली खंगर वीट किंवा चिऱ्याचे कडक तुकडे मिसळले तरी चालतात. मातकट मुरूम मात्र एकट्याने नको, पावसात त्याचा गाळ होतो. एका वेळी २ इंचांपेक्षा जास्त थर टाकू नका. थर, शिंपण, धुमसणं, पुन्हा थर. चार इंच एकदम ओतून वरून धुमसले की वरचे दोन इंच घट्ट होतात आणि खालचे सैलच राहतात.

रेताड किनारी जमिनीत तळाची रेती धुमशीने नाही, पाण्याने बसते. चरात पाणी सोडून ते पूर्ण मुरू द्या, मग पोतं आणि खडी.

तपासणी: खडीवर उभं राहून टाचेने जोर द्या. ठसा उठला तर अजून धुमसायचं आहे. लेव्हल पाईपने दर दीड मीटरवर खोली मोजा. पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर तो खडीनेच दुरुस्त करा, रेतीने नाही.

८. रेती, विटा आणि पाठीचा आधार

आता दोरी पुन्हा ताणा, यावेळी विटेच्या वरच्या कडेच्या उंचीला. उतार असेल तर दोरी उताराबरोबर जाऊ द्या. सगळी बाग पाणपातळीत आणण्याचा हट्ट धरलात तर एका टोकाला वीट हवेत आणि दुसऱ्या टोकाला मातीखाली जाईल. उतार फार तीव्र असेल तर अर्ध्या विटेच्या पायऱ्या करत उतरा.

रेतीचा थर एक इंच, जास्त नाही. रेती म्हणजे फक्त बसवणीची गादी. तळातल्या खड्ड्यांवर रेती भरून पातळी आणली की पहिल्या पावसात रेती वाहून जाते आणि खड्डा वर येतो. उताराच्या ओळीला सहा भाग क्रशर रेतीत एक भाग सिमेंट कोरडंच मिसळा. सपाट जागी नुसती रेती पुरे, म्हणजे पुढे वीट उचलून दुरुस्ती करणं सोपं जातं.

सुरुवात सर्वांत जास्त नजरेत भरणाऱ्या जागेपासून करा: गेट, पायरी, तुळशी वृंदावनाचा चौथरा. कापलेली वीट शेवटी झाडाआड किंवा भिंतीच्या कोपऱ्यात जाईल. विटेतली खाच खाली किंवा आतल्या बाजूला वळवा. वर राहिली तर पाणी साचतं आणि डासांची सोय होते.

प्रत्येक वीट दोरीला चिकटवू नका. दोरी आणि वीट यांत कागदाएवढी फट ठेवा. एक वीट दोरीला ढकलत गेली की तिच्यामागून सगळी ओळ बाहेर सरकते. रबरी हातोड्याने मधोमध ठोका, टोकाला नाही. पाच-सहा विटांनंतर स्पिरिट लेव्हल आडवी आणि उभी, दोन्ही ठेवून बघा. वीट खाली गेली असेल तर तिच्या बुडाशी रेती कोंबू नका: उचला, रेती घाला, पुन्हा बसवा.

कोरड्या मांडणीसाठी विटा भिजवायच्या नाहीत. सिमेंटमध्ये बसवायच्या असतील तर मात्र पाण्यातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत भिजवा, नाहीतर वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो.

सिमेंट कुठे वापरायचं? सगळीकडे नाही. जिथे गाडीचं चाक कडेवर चढतं, वाटेची टोकं, तीव्र वळणं आणि उताराच्या खालच्या अंगाला, एवढ्या ठिकाणी विटेच्या पाठीमागे काँक्रीटचा तिरपा आधार द्या. विटेच्या अर्ध्या उंचीपर्यंत तो पुरतो आणि जमिनीच्या दोन इंच खालीच थांबला पाहिजे, म्हणजे वर गवत धरतं. सात दिवस त्यावर पाणी मारा. तोवर त्या बाजूने गाडी नको.

वळणावर विटेची अरुंद बाजू ओळीत ठेवा. बाहेरच्या बाजूची फट अर्ध्या इंचाहून मोठी दिसू लागली की वळण त्या विटेला जास्त आहे. अर्ध्या विटा वापरा. कापताना ग्राइंडरला दगडी चकती लावा, वीट ओली करा, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर धुळीचा मास्क असू द्या. विटेची ती धूळ फुप्फुसात गेलेली निघत नाही.

पाण्याच्या फटी विसरू नका. उताराच्या खालच्या बाजूला दर चार-पाच फुटांवर दोन विटांमध्ये पाऊण इंचाची फट आणि तिच्या मागे वाफ्याच्या बाजूने दोन मुठी खडी, माती अडवायला. सर्वांत खोल जागी अर्ध्या विटेएवढं तोंड ठेवा. आलं, हळद, अबोलीसारखी लागवड असेल तर हे तोंड नसल्यास मुळं कुजतील.

९. पाठ भरणं आणि उंची जुळवणं

वेगळी ठेवलेली तांबडी माती दोन-दोन इंचांच्या थरात, विटेच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी भरा. एक बाजू पूर्ण भरून मग दुसरी धरली तर धुमसताना वीट पलीकडे झुकते. अरुंद जागेत लाकडी पट्टीने ठोका.

वाफ्यातली माती विटेच्या माथ्यापेक्षा किमान दीड इंच खाली हवी, आणि हे माप खत, पालापाचोळा, नारळाची सोडणं सगळं धरून. माथ्यापर्यंत भरलेला वाफा पहिल्या जोरदार सरीत वाटेवर उतरतो. सोडणं तर तरंगतात. ती उपडी, दाटीने बसवा.

हिरवळीच्या बाजूला विटेचा माथा मातीपेक्षा अर्धा इंच वर. त्याहून उंच झाला तर यंत्राचं पातं विटेला लागतं, कमी झाला तर वर्षभरात गवत विटेवर चढतं. बाजूला ठेवलेल्या चकत्या लावून पायाने दाबा आणि पंधरवडाभर रोज पाणी द्या.

वाट असेल तर तिला मीटरला दोन सेंटिमीटर आडवा उतार हवा, आणि तो ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या कडेत फटी.

सगळ्या दरजांत (विटांमधल्या सांध्यांत) कोरडी बारीक रेती झाडूने सारा, पाणी शिंपडा, दोन दिवसांनी पुन्हा सारा.

१०. पाण्याची चाचणी

काम संपलं असं म्हणण्याआधी हे करा, गवंड्याचे पैसे चुकते करण्याआधी तर नक्कीच. चढाच्या बाजूला रबरी पाईप लावून वीस मिनिटं पाणी सोडा आणि ओळीबरोबर चालत जा. पाणी प्रत्येक फटीतून निघतंय का? कुठे विटेखालून गढूळ पाणी येतंय का? गढूळ म्हणजे रेती वाहते आहे. ती वीट उचला, तळ पाहा. एक तासानंतरही कुठे डबकं राहिलं असेल तर तिथे आणखी एक फट लागेल. खुंट्या सगळ्या उपटून काढा. जमिनीत राहिलेलं लाकूड वाळवीला बोलावतं आणि तिथून ती घराच्या चौकटीपर्यंत पोहोचते.

११. पहिला पावसाळा

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा आणि जुलैत एकदा कडेने फिरा. एखादी वीट खाली बसणं हे स्वाभाविक आहे, तिला तसंच सोडणं मात्र चूक. एका खचलेल्या विटेतून पाणी वाट काढतं आणि शेजारच्या चार घेऊन जातं. फटींमागची खडी गाळाने भरली असेल तर बदला.

शेवाळ काथ्याच्या कडक ब्रशने घासा. तारेचा ब्रश विटेची भाजलेली वरची साल काढतो आणि आम्ल टाकलं तर लोणा वाढतो. पांढरा लोणा दिसला तर तो कोरडाच झाडा. धुतला की मीठ पुन्हा विटेत मुरतं. हरळी कितीही खोल कड केली तरी वरून उडी मारणारच, तेव्हा पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तिची टोकं विळ्याने छाटा. तणनाशक विटांच्या फटीत ओतू नका, ते फटीतून सरळ वाफ्यात जातं.

ऑक्टोबरात पाऊस थांबला की दरजांत पुन्हा रेती सारा. उरलेल्या विटा पत्र्याखाली, जमिनीपासून वर, उभ्या रचून ठेवा. बदलायची वेळ येईल तेव्हा त्याही पहारीने ढकलूनच उचला.